तांडा हजर हाय

पाटणी चौकातल्या रसवंतीच्या वर एक खांब आहे. एरवी त्यावर एका दंतवैद्याची आणि एका कोचिंग क्लासची पाटी एकमेकींना खांदे मारत लटकलेल्या असतात. त्या खांबावर मंगळवारी सकाळी निताला स्वतःचंच तोंड भेटलं. ती ब्लाउजपिसांची पिशवी घेऊन दुकानाकडं निघाली होती. मान खाली, डोक्यात कुण्या गिऱ्हाइकिणीच्या बाहीचं माप. वर पाहिलं ते केवळ तारेवरून माकडं चालली होती म्हणून. तर माकडांच्या खाली ती स्वतः. अंगात फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, डोक्यावर आरशांची ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि हसू असं, की जणू जन्मभर ही बाई याच कपड्यांत भाकरी थापत आलीय. फोटो तांड्यातल्या चंदाच्या लग्नातला होता. कपडे चंदाच्या आजीचे, पेटीतून काढलेले. घातले, आरसे टोचले, फोटो झाला, काढून ठेवले. आणि आता खाली लाल अक्षरांत: आमचा तांडा, आमचा कारभार! बोरदरी तांड्याला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळालीच पाहिजे! तिच्या हनुवटीखाली, हार घालावा तसं: सौ. निताताई, उद्योजिका, वाशीम. दंतवैद्याच्या पाटीची दोरी नेमकी तिच्या नाकावरून गेली होती.

"ताई, ह्या तुमीच ना?" रसवाला म्हणाला. "मी मंगानपासून पाहून राह्यलो. कोनत्या पार्टीच्या तुमी?"

"कोनत्याच नाही. तुमी ऊस पिळा."

दुकानाचं शटर तिनं इतक्या जोरात वर ढकललं की शेजारचा घड्याळवाला बाहेर डोकावला. मशीनवर बसली, दोरा ओवायला गेली, दोरा सुईला लागेना. राग नेमका कशाचा हेच तिला उमगेना. फोटो वाईट नव्हता. मागणीही वाईट नव्हती. पण कुणी आपलं तोंड उचलून चौकात टांगावं आणि आपल्याला ते माकडांमुळं कळावं, हे काय? तिनं भावाला फोन लावला. करण तिच्याहून पाच वर्षांनी लहान, तांड्याच्या संघर्ष समितीचा अध्यक्ष. ही समिती त्यानंच काढली होती. भांडायचं असलं की तो वऱ्हाडीत येई. गोरमाटीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, त्याला भांडता येत नसे, तिथं तोंडातून सगळं लाडाचंच निघे.

"करण, मले इचारलं होतं का तुनं?"

"अवं बाई, लेकीले काय इचारा लागते? तू तांड्याची हाय ना?"

"आन हे उद्योजिका कोनं लिवलं?"

"मंग काय लिवू? फॉल-बिडिंग करून भेटंल?" तो हसला, मग एकदम पुढाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "उद्या ग्रामसभा हाय. हात वर करून मतदान. तुयं नाव अजून इकडंच हाय. येजो. अन् जमलं तं तेच कपडे घालून येजो."

तिनं फोन ठेवला, तर खाली दिनेशचा निरोप येऊन पडलेला. दिनेश बोरदरीचा उपसरपंच. 'आपलं गाव, एक गाव' नावाच्या गटात त्यानंही एक फोटो टाकला होता: शाळेच्या पायरीवर दोन पोरं, नाकं वाहणारी, एकाच वाटीतून मुरमुरे खाणारी. एक तो, एक ती. खाली लिहिलं होतं, 'एका ताटात जेवलेल्यांना वेगळं करणारे कोण?' आणि तिला स्वतंत्र: 'निते, आमच्या चुलीवर वाढली तू. उद्या पाह्यतो.' इथंही कुणी विचारलं नव्हतंच. तिनं नवऱ्याला सांगितलं. राजपाल बॅटरीच्या दुकानात कामाला, माणूस थंड. तो म्हणाला, "दोघाइलेबी हो म्हन, अन् जाऊच नको." असल्या सल्ल्यानं माणसाचं डोकं शांत व्हायचं तर कधीच झालं असतं. तिचं नाव अजून बोरदरीच्या मतदार यादीत होतं, त्याचीही गंमतच. लग्नानंतर ते वाशीमला आणावं असं तिनं दोनदा काढलं. एकदा करणनं मोडता घातला, तांड्याचं एक मत कमी होते म्हणून. एकदा दिनेशनं, गावाचं एक मत कमी होते म्हणून. दोघंही एकाच मताबद्दल बोलत होते.

फोन नव्हता तो फक्त हौसाबाईचा. दिनेशची आई, निताची मोठी माय. सभेची तारीख ठरल्यापासून तिचा एक शब्द नाही. एरवी मेथी स्वस्त झाली तरी कळवणारी बाई. निता दिवसभर शिवत राहिली, फोन मशीनच्या पाट्यावर उताणा ठेवून, आणि तो वाजला की हातातलं टाकून उचले, आणि दुसऱ्याच कुणाचा निघाला की त्या माणसावर ती खेकसे. संध्याकाळपर्यंत तिनं एका ब्लाउजची बाही उलटी जोडली होती.

बोरदरी खाली खोलगटात आहे, नाल्याच्या काठानं, आणि तांडा वर उतारावर, मुरमाड माळावर. कोणे काळी बैलांच्या पाठीवर मीठ घालून मुलूख तुडवणारी ही माणसं. मिठाचा धंदा बुडाला तेव्हा पाठीवरचं ओझं इथं उतरलं ते उतरलंच. गाव म्हणतं, आम्ही तुमाले बसवलं. तांडा म्हणतो, आमी बसलो. एवढ्या एका गोष्टीवर निताचं निम्मं आयुष्य लोकांची तोंडं पाहण्यात गेलं होतं. तांड्यातसुद्धा सगळ्यांचं एक कुठं होतं? अमरसिंग नायक, ज्याच्या शब्दावर तांडा उठे-बसे, तोच मागे सरत होता. गावच्या माळ्यांची शेती तो बटईनं करी, त्यांच्याच विहिरीवर त्याचा कांदा पिके. "राज्य मंग घेजो," तो करणला म्हणाला होता, "पयले माया कांद्याले पानी कोन देईन ते सांग." आणि म्हाताऱ्या धनीबाईनं सगळ्यांदेखत त्याला ऐकवलं होतं, "नायक, तुमचा कांदा वला, अन् आमचा हंडा कोरडा."

दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघे. ट्रॅक्टरमागं दोन-दोन गाड्या, त्यावर भांडी, कोंबड्या, गोधड्या, आणि गोधड्यांवर माणसं. निता सहा वर्षांची झाली त्या साली रुपाबाई, तिची याडी, म्हणजे आई, तिला घेऊन हौसाबाईच्या मळ्यात आली. पावसाळाभर तिथं निंदण करी, त्या ओळखीवर. हौसाबाईचा नवरा शालिकराम वांगी तोडत होता, हौसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. रुपाबाईला बोलायचं होतं ते बोलता येईना. शेवटी हौसाबाईनंच म्हटलं, "ठिवून जाय व पोट्टीले. शाळा नोको बुडवू तिची. दिनेशच्या जोडीले एक ताट अजून." तेव्हापासून सहा वर्षं निता वर्षाचे चार-पाच महिने गावची आणि उरलेले तांड्याची. जुडीला किती काड्या, पाणी शिंपून भाजी कशी झाकायची, हे ती तिथं शिकली. दुपारी हौसाबाई जात्यावर तूर भरडी. खुंट्याला एक हात तिचा, एक निताचा, आणि वरून गाणं:

जात्याचे दोन दगड, एक फिरे, एक थिर,
मधल्या दान्याले इचारा, बाई, कोनतं त्याचं घर?

निता तेव्हा खदखदा हसे, दाण्याला कोण विचारतं म्हणून. मग होळीच्या आसपास ट्रॅक्टर परत येत. एका वर्षी उतरली ती बाई इतकी काळी, इतकी वाळलेली, हातभर उसाच्या पातीचे चरे, की निता हौसाबाईच्या पदराआड गेली. रुपाबाई नुसती हसली. हाका मारल्या नाहीत. ओटीतून गुळाचा खडा काढून ओट्यावर ठेवला आणि उतार चढू लागली. निता गूळ घेऊन मागं धावली. गाव आपली होळी संध्याकाळी पेटवी आणि तांडा दुसऱ्या दिवशी पहाटे. निता दोन्ही राखा कपाळाला लावी. दोन-चार दिवस तांड्यातली पोरं तिला कोर म्हणत, म्हणजे बाहेरची, आणि दिवाळीनंतर गावातली पोरं तांडेवाली. चिडावं तरी कोणत्या बोलीत चिडावं!

हे सगळं गोडच होतं, आणि त्या गोडानंच तिचा वैताग वाढे. कारण या गोडात एक खडा होता आणि तो फक्त तिच्याच दाताखाली येई. ती सातेक वर्षांची असेल. सव्वीस जानेवारी, झेंडा झालेला, शाळेपुढं ग्रामसभा बसलेली. तांडा उसात. पाण्याची टाकी कुठं बांधायची हा विषय होता: उतारावर, म्हणजे गाव-तांडा दोघांनाही सोईची, की खाली देवळामागं. तेव्हाचा सरपंच मारोतराव टेबलावर हात आपटून म्हणाला, "तांड्याचं हाय का कोनी? नाही तं मंग म्हनतीन, आमाले इचारलं नाही." सगळे हसले. हौसाबाई बायकांत बसली होती, निता तिच्या मांडीपाशी. हौसाबाईनं हसतच निताचं कोपर धरलं आणि हात वर केला. "हे काय, तांडा हजर हाय!" सभा पोट धरून हसली. मारोतराव म्हणाला, "झालं, तांड्याची मंजुरी भेटली. टाकी देवळामांगं." नंतर तिला दोन जिलेब्या मिळाल्या, दिनेशला एकच. तिनं बोटं चाटली. उन्हाळ्यात रुपाबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढे. मध्ये एक धोंडा होता, तिथं थांबून दम खाई, आणि म्हणे, "टाकी एवढ्या दूर काहून बांदली असंल लोकाइनं?" निता मागं छोटी कळशी घेऊन उभी असे. तिची बोटं अजून चिकट आहेत असं तिला वाटे.

त्यात हौसाबाईचं काही वाईट मनात नव्हतं, हे निताला तेव्हाही माहीत होतं आणि आताही. तिनं एक लाडाची थट्टा केली होती. पण त्या थट्टेवर सिमेंटची टाकी उभी राहिली. नंतरची प्रत्येक ठरावाची सभा अशीच भरली, तांड्याच्या चुली थंड असताना. कोणी कट केला असंही नाही. गावाला रिकामा वेळ तेव्हाच असे, इतकंच. करणला ही जिलेबीची गोष्ट माहीत नव्हती. माहीत असती तर त्यानं तीही बॅनरवर छापली असती.

बुधवारी ती मेडशीच्या एसटीनं निघाली. फेटिया-कांचळी घातली नाही. साधी निळी साडी नेसली, आणि निळा कुणाचा झेंडा तर नाही ना, असा विचार मनात आला तेव्हा स्वतःचाच राग आला. खिडकीतून कापलेल्या तुरीची शेतं मागं जात होती. कंडक्टरनं तिच्याकडं दोनदा पाहिलं. "तुमाले कुठंतरी पाह्यलं." तिनं तोंड फिरवलं. फाट्यावर उतरून चालताना तिनं ठरवलं की हात वरच करायचा नाही. मग ठरवलं की करायचा. मग वाटलं, सभाच तहकूब झाली तर किती बरं. हात न करणं म्हणजेसुद्धा एक बाजूच, हे तिला कळत होतं, आणि ज्यानं कुणी मतदानाची ही रीत काढली त्याला एकदा भेटायची तिची इच्छा होती.

शाळेपुढं ताडपत्र्या अंथरल्या होत्या. व्हरांड्याकडं गाव, लिंबाखाली तांडा. या वेळी समितीनं तारीख ढकलून होळीच्या पलीकडं नेली होती, त्यामुळं तांडा सगळा होता, उन्हानं करपलेला, नव्या टोप्या घातलेला. चपलांचेसुद्धा दोन ढीग होते. निता दोन्हींच्या मध्ये उभी राहिली आणि चपला कुठं काढाव्या हेच तिला कळेना.

"बाई, इकडं!" करण ओरडला.

"निते, तुयी जागा धरून ठिवली आईनं," दिनेश व्हरांड्यातून म्हणाला.

खरोखर, हौसाबाईच्या शेजारी एक घडी घातलेलं पोतं ठेवलेलं होतं. हौसाबाई मात्र इकडं पाहत नव्हती. ती समोर पाहत होती, पदर कपाळापर्यंत ओढून, एका हातात दुसऱ्या हाताची बोटं धरून. लिंबाखाली रुपाबाई होती. तिनं जागा धरली नव्हती. ती सरकलीही नाही. नुसती पाहत होती, त्या गुळाच्या खड्याच्या दिवशी पाहिलं होतं तशी. निता हापशीच्या ओट्यावर जाऊन बसली, चपला मांडीवर घेऊन.

तालुक्याहून आलेल्या अधिकारी बाईंनी विषय वाचला. करण बोलला, फार बोलला. आमचे पंजोबा, आमचं रक्त, आमचं स्वराज्य. निताला वाटलं, अरे, टाकी म्हण, हंडा म्हण, धोंडा म्हण. तर तो इतिहासातून खालीच उतरेना. दिनेश बोलला. बंधुभाव, एक ताट, एक शाळा. निताला वाटलं, अरे, ताट एक होतं पण सभा कधी भरवत होतास ते सांग. दोघंही बोलताना मधूनमधून तिच्याकडं हात करत, जणू ती साक्षीला आणलेली वस्तू. अमरसिंग नायक दोन्ही ताडपत्र्यांच्या शिवेवर बसला होता, अर्धा इकडं, अर्धा तिकडं, आणि काडीनं जमीन उकरत होता. त्याचं पाहून निताला एकदम हसू आलं, आणि हसू दाबताना डोळे भरून आले.

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," बाई म्हणाल्या.

लिंबाखाली हात उगवले. धनीबाईनं तर दोन्ही वर केले, मग कुणीतरी एक खाली ओढला. अमरसिंगनं काडी टाकली, आभाळाकडं पाहिलं, आणि हात कानापर्यंत नेऊन तिथंच डोकं खाजवत ठेवला. निताचा हात मांडीवर होता, चपलांवर. तिला कोपराला काहीतरी हवं होतं. कुणाचीतरी बोटं, गरम, मेथीचा वास येणारी, आणि मागं सगळ्यांचं हसणं. कुणी हसत नव्हतं. कोपर मोकळं होतं. त्या मोकळ्या कोपराची तिला इतकी भीती वाटली की क्षणभर वाटलं उठावं, फाट्यावर जावं, मिळेल त्या एसटीत बसावं. तेवढ्यात रुपाबाईनं पदरानं मानेचा घाम पुसला, चढावरच्या धोंड्याशी पुसायची तसा. निताचा हात वर गेला. चपला मांडीवरून घरंगळून खाली पडल्या. त्या आवाजानं हौसाबाईनं वळून पाहिलं. पाहिलं, आणि शेजारचं पोतं उचलून पायाखाली घेतलं.

मग विरोधातले हात मोजले, ते कमी भरले, आणि ठराव मंजूर झाला. तांड्याकडून आरोळी उठली, हलगी वाजली, करण गुलाल घेऊन तिच्याकडं धावला. "माया फोटो काढला तं पाय!" ती अशी ओरडली की तो गुलालासकट थबकला. व्हरांडा रिकामा होत होता. दिनेश तिच्याजवळून गेला, फोनमध्ये पाहत. त्या फोनवर काहीच चालू नव्हतं. रुपाबाई जवळ आली, तिच्या कपाळाला एक गुलालाचं बोट लावलं आणि हळूच विचारलं, "तू जाशीन ना तिकडं?" निता म्हणाली, "हो, याडी." "जाय मंग. कपाय पुसू नोको," रुपाबाई म्हणाली. "लपवल्यावानी दिसंन."

हौसाबाईचं घर उघडं होतं. ओसरीवर मेथीचा ढीग, आणि ढिगापाशी ती, सभेला काही झालंच नाही अशी जुड्या बांधत. निता उंबऱ्यात उभी राहिली. इथं कधी कुणी तिला ये म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. हौसाबाई उठली, आत गेली, आणि स्टीलच्या चकचकीत ग्लासात पाणी घेऊन आली, ग्लास ताटलीवर ठेवलेला. तलाठ्याला देतात तसा, मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना देतात तसा. समोर धरला.

"घ्या ताई, पानी."

इतक्या दिवसांच्या सगळ्या वैतागात नितानं दिनेशच्या शिव्या ऐकायची तयारी केली होती, हौसाबाईच्या रडण्याची केली होती, दार लावून घेण्याचीही केली होती. ताटलीची केली नव्हती. तिनं ग्लास घेतला. पिणं मात्र झालं नाही. हौसाबाई पुन्हा खाली बसली, जुडीला दोरा गुंडाळू लागली, आणि वर न पाहता म्हणाली,

"आज कोनं धरलं होतं तुयं कोपर?"

म्हणजे आठवण होती. म्हणजे इतकी वर्षं हिच्याही दाताखाली तो खडा होता, आणि दोघी एकाच घरात बसून जात्यावर गाणी म्हणत होत्या.

"कोनंच नाही, मोठी माय."

हौसाबाईचा दोरा तुटला. तिनं दुसरा घेतला, तो दातानं तोडला. बाहेर हलगी वाजत होती, आता उताराच्या वर, पुसट. निता ग्लास घेऊन उभी होती. तिला एकाएकी सगळ्याचा असा कंटाळा आला, बॅनरचा, पोत्याचा, ताटलीचा, स्वतःच्या भरल्या डोळ्यांचा, की ती तरातरा अंगणात गेली, ते पाहुण्याचं पाणी तुळशीत ओतलं आणि वळून पडवीतल्या रांजणाकडं आली. लाकडी झाकण बाजूला केलं. पाणी काढायचं ओगराळं खुंटीवर होतं, हात पोचेल असं. तिनं ते घेतलं नाही. ग्लास तसाच आत बुडवला, बोटांसकट, मनगटापर्यंत. पाणी गार होतं.

"हात!" मागून हौसाबाई कडाडली. मेथीची जुडी तिच्या हातातून सुटली. "हात घालू नोको म्हनलं ना रांजनात! ओगराळं दिसून नाही राह्यलं तुले? सतरा खेपा सांगतलं, दोन लेकराइची माय झाली, तरी अक्कल काही आली नाही! सगळं पानी बाटवलं बयेनं, आता कोन भरंन? तुयी ग्रामपंचायत?"

निता उभ्यानंच पिऊ लागली. पाणी हनुवटीवरून निळ्या साडीवर ओघळलं. गुलालाचा एक थेंब त्यात होता.

"अन् बस खाली," हौसाबाई म्हणाली. "उभ्यानं पेतात का पानी!"